भाजलेल्या जागेवरचे केस

माझ्या डोक्याच्या उजव्या बाजूला, कानाच्या वर, तळहाताएवढ्या जागेत केस नाहीत. मी चार वर्षांची असताना तिथं भाजलं. त्या वेळी आमच्या घरी कापड रंगवायचं काम अजून चालू होतं आणि मागच्या अंगणात चुलीवर रंगाचं पाणी उकळत असायचं. मी खेळता खेळता धावत गेले आणि पातेल्यावर आदळले, असं सगळे मला लहानपणापासून सांगत आले. मला स्वतःला काही आठवत नाही. पण घरात मी धांदरट ठरले ती तेव्हापासून. हातून कपबशी फुटली तरी आत्या म्हणायची, "ही लहानपणापासून अशीच."

शाळेत, कॉलेजात, आणि पुढं मी स्वतः कॉलेजात शिकवायला लागले तरी, भांग डावीकडून पाडायचा, केस त्या जागेवरून घ्यायचे आणि मागं पिना लावायच्या, हा माझा रोजचा उद्योग होता. चाळिशी उलटल्यावर केस विरळ व्हायला लागले आणि झाकण पुरेना. एकदा सरस्वतीपुरमच्या भाजीबाजाराशी स्कूटर लावून मी हेल्मेट काढलं. मागं बसलेली आई खाली उतरली आणि माझ्याकडं बघतच राहिली.

"अय्यो, दिसतंय गे सगळं," ती म्हणाली आणि भर रस्त्यात आपल्या पदरानं माझं डोकं झाकायला लागली.

माझं लग्न झालेलं नाही. त्याची कारणं वेगळी होती आणि ती मला ठाऊक आहेत. आईच्या मनात मात्र कारण एकच. बाबा गेल्यावर आम्ही दोघीच उरलो, तेव्हापासून तिचं हे जास्तच वाढलं. कन्नड पेपरात केस लावून देणाऱ्या क्लिनिकची जाहिरात आली की ती कापून माझ्या चहाच्या कपाखाली ठेवायची. शेवटी मी म्हटलं, चल, जाऊन येऊ.

पहिलं क्लिनिक काचेचं, थंडगार. भिंतीवर टक्कल असलेल्या आणि मग केस आलेल्या पुरुषांचे फोटो. कोट घातलेल्या एका मुलीनं माझ्या डोक्यावर छोटा कॅमेरा फिरवला आणि समोरच्या पडद्यावर माझा चट्टा भलामोठा, गुळगुळीत, चकचकीत दिसला. मी मान वळवली.

"एकाच सिटिंगमध्ये सगळं कव्हर होईल, मॅम. गॅरंटी आहे आमची."

"डॉक्टर कुठं आहेत?"

"सर बेंगळुरूहून येतात. सर्जरीच्या दिवशी भेटतील."

"म्हणजे केस तेच लावणार?"

"सगळं सरांच्या देखरेखीखाली असतं, मॅम."

शुगर आहे का, बीपी आहे का, कसली औषधं चालू आहेत का, कुणी विचारलं नाही. आजच बुक केलं तर सवलत मिळेल, हे मात्र तिनं दोनदा सांगितलं. आईनं टेबलाखालून माझा हात दाबला. "हो म्हण की गे." मी विचार करून सांगते म्हणाले.

दुसरी जागा एका इमारतीत वरच्या मजल्यावर होती. तिथं डॉक्टर हजर होते, बोलायलाही गोड. पण भिंतीवर लावलेली त्यांची पदवी दातांची होती. भाजलेल्या जागेवर तुम्ही केस लावलेत असं कुणी भेटेल का, असं मी विचारलं. "नंबर पाठवतो," म्हणाले. तो कधी आला नाही.

मी हे सोडूनच देणार होते. पण आईच्या हातावरच्या खाजेसाठी आम्ही ज्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडं जातो, त्यांच्याशी सहज विषय निघाला. त्या म्हणाल्या, "चट्ट्यावर केस लावणं हे साध्या टकलासारखं नसतं. भाजलेल्यांवर रोज काम करणाऱ्याकडं जा. आणि जो हात लावणार आहे त्याच्याशीच बोला, मधल्या माणसांशी नको." त्यांनी हिनकलकडच्या एका लहान इस्पितळातल्या प्लास्टिक सर्जनचं नाव दिलं.

तिथं बाहेर लाकडी बाक होते. हाताला, मानेला पट्ट्या बांधलेली माणसं बसली होती. तास-दीड तासानं आत बोलावलं. डॉक्टर पन्नाशीचे, थकलेले. त्यांनी कॅमेरा वगैरे काही काढला नाही. दिव्याखाली माझं डोकं धरून अंगठ्यानं चट्टा दाबून पाहिला, चिमटीत धरून पाहिला, मग मागच्या केसांत बोटं घालून ते किती दाट आहेत ते पाहिलं. शुगर, बीपी, औषधं, जखम भरताना फुगते का, सगळं विचारलं. आईलाही कळावं म्हणून ते इंग्रजी न वापरता कन्नडमध्येच बोलत होते.

"कशानं भाजलं होतं?"

"लहानपणी उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर पडले," मी नेहमीसारखं सांगितलं.

"मग खांद्यावर, पाठीवर डाग असतील."

"नाही, एवढंच."

ते लिहिता लिहिता थांबले. त्यांना संशय होता असं नाही, नोंद नीट व्हावी म्हणून विचारत होते. पण आई खुर्चीत पुढं सरकली.

"ती पडली नाही, डॉक्टर. मी फेकलं."

मला वाटलं, आई काहीतरी भलतंच बोलतेय. ती पुढं बोलत राहिली, टेबलाच्या कडेकडं बघत. सासूबाईंशी भांडण झालं होतं. चुलीवरून उतरवलेलं रंगाचं कढत पाणी तांब्यानं काढून गटाराकडं टाकत होती. रागात होती, बघितलं नाही. मूल शेजारच्या घरी आहे असं समजत होती. ते तिथंच उभं होतं, गप्प, तिच्याकडंच बघत.

डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढं सरकवला आणि ती पिऊन होईपर्यंत थांबले. मग मला म्हणाले, "भाजलेल्या कातडीत रक्त कमी पोचतं. तिथं केस धरतीलच असं सांगता येत नाही. आधी कडेला थोडे लावून बघू. वर्षभर थांबू. धरले तर पुढं. नाही धरले तर मी पुढं करणार नाही. तुमच्या मागच्या केसांचा साठा आधीच कमी आहे, तो वाया घालवायचा नाही." त्यांनी आपल्या जुन्या रुग्णांचे फोटो दाखवले. त्यांतल्या एकीचा चट्टा जवळजवळ तसाच राहिला होता. तोही त्यांनी दाखवला.

"पूर्ण येतील ना?" आईनं विचारलं.

"अम्मा, ते मला आज सांगता येणार नाही."

बाहेर आल्यावर मला राग आला असं म्हणता येणार नाही. इतकी वर्षं मी धांदरट होते. रस्ता ओलांडताना, जिना उतरताना, गरम चहा धरताना मी स्वतःला बजावत आले होते की जपून, तू धांदरट आहेस.

"मला का सांगितलं नाहीस?"

"तुझ्या बाबांनी सांगितलं, असंच सांगायचं. लोक मला काय म्हणतील म्हणून." मग म्हणाली, "आमेले सवय झाली."

म्हणजे नंतर. नंतर सवय झाली.

मी त्या डॉक्टरांकडंच जायचं ठरवलं. आईला पहिलं क्लिनिक हवं होतं, तिथं गॅरंटी होती. पण या माणसानं मला ऐकायला नको असलेलं आधी सांगितलं होतं, आणि मला तेवढंच पुरेसं होतं. रक्ताच्या तपासण्या झाल्या. ठरलेल्या सकाळी डोकं बधिर करायची इंजेक्शनं दिली. तीच दुखली, बाकी नाही. मागचे केस मुळासकट एकेक करून काढणं आणि कडेला लावणं, दोन्ही डॉक्टरांनी स्वतः केलं. नर्स भिंगाखाली ती मुळं निवडून देत होती. दुपारी मी घरी आले.

काही आठवड्यांत लावलेले केस गळाले. हे असंच होतं, मुळं आत राहतात, हे त्यांनी आधी सांगून ठेवलं होतं. मग वाट बघणं. आई रोज सकाळी मला खिडकीशी बसवायची, चष्मा पुसून डोक्यावर वाकायची. तिचा श्वास मला कानाशी लागायचा. दसऱ्याच्या सुमाराला ती ओरडली, "आला गे, आला!" दोन-चार केस आले होते, बारीक, वाकडे. त्यानंतर आणखी थोडे आले आणि थांबले.

वर्ष उलटल्यावर डॉक्टरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "बहुतेक धरलेले नाहीत," ते म्हणाले. "पुढं करू नये असं माझं मत आहे."

आईनं हात जोडले. "एकदा अजून बघा, डॉक्टर."

"मी केलं तर मागं पण चट्टे राहतील आणि या जागेवर काही येणार नाही. अम्मा, मी नाही करणार." त्यांनी चट्ट्यावर बसवता येणारा केसांचा तुकडा सुचवला, तो कुठं करून मिळतो तेही सांगितलं.

त्याच आठवड्यात मला पहिल्या क्लिनिकमधून फोन आला. "मॅम, तुमच्या आईंशी बोलणं झालंय. पुढच्या सोमवारी स्लॉट आहे." मी नको म्हणून फोन ठेवला आणि आईवर ओरडले. तीही ओरडली. "ते करतो म्हणतात, तू त्यांच्याकडं जात नाहीस! हा करत नाही म्हणतो, त्याचं ऐकतेस!"

"त्यांचं काय, ते तर हो म्हणायलाच बसलेत."

"मग मी मरेपर्यंत हेच बघत बसू?"

ती आत गेली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

केसांचा तुकडा मी आणला. उन्हाळ्यात त्याखाली खाज येते, म्हणून तो कॉलेजपुरताच लावते. त्याची मला सवय होतेय. आईच्या बोलण्याची मात्र नाही. डॉक्टरांपुढं एकदा बोलल्यापासून तिचं तोंड उघडलं आहे आणि ते आता मिटत नाही. गॅसवाला आला की त्याला सांगते. दूध द्यायला येणाऱ्या बाईला सांगते. मध्यंतरी कृष्णराजनगरला नात्यात बारसं होतं. पाळण्याभोवती बायका गोळा झाल्या होत्या, कुणीतरी मला कशी आहेस म्हणून विचारलं, आणि माझ्याआधी आईच बोलायला लागली. भांडण झालं होतं, मी बघितलं नाही, ती गप्प उभी होती.

"आई, साकु," मी हळूच म्हटलं. पुरे.

बाळाची आई बाळाला उचलून आत घेऊन गेली. बाकीच्या बायका माना हलवत ऐकत राहिल्या, आणि आई त्यांच्यातल्या प्रत्येकीकडं आळीपाळीनं बघत पुढचं सांगत राहिली.