तानाका म्हणजे शेतामधला

आमच्या यजमानांनी मला एका जपानी आडनावाचा अर्थ शिकवला, आणि मी बावळट, तो कौतुकानं साऱ्या आळीत सांगत सुटले.

लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच मुंबईच्या कापसाच्या पेढीनं त्यांना जपानात कोबेला धाडलं. मी लांज्याजवळ सासरी. मामंजींना, म्हणजे सासऱ्यांना, मोतीबिंदू. त्यांच्या नावे आलेली पत्रं मीच मोठ्यानं वाचून दाखवायची. एकदा ह्यांनी लिहिलं, घरमालकाचं आडनाव तानाका. ता म्हणजे भातशेत, नाका म्हणजे मध्य. तिथल्या साध्या माणसांना पूर्वी आडनाव लावायची मुभाच नव्हती. मग सरकारचा हुकूम सुटला, तशी कुणी शेत, कुणी डोंगर, कुणी विहीर, दारासमोर दिसेल ते लावून मोकळे झाले. आपण गावाला 'कर' लावतो तसंच की, असं मी म्हटलं. मामंजीही हसले.

चौथ्या वर्षी कार्तिकात पत्र आलं. ओटीवर बसून वाचायला घेतलं. घरमालकाला मुलगा नाही, एकुलती एक मुलगी. तिकडे अशा घरात जावयालाच दत्तक घेतात आणि तो सासऱ्याचं आडनाव लावतो. इथवर मला वाटलं, आणखी एक गंमत लिहितायत. पुढच्या ओळीत होतं, तो जावई मी झालो आहे आणि यापुढे माझं आडनाव तानाका. हे मी माझ्या तोंडानं वाचलं. माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

लग्नात ह्याच माणसानं ताटातल्या तांदळांवर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं होतं. माहेरचं नाव, आडनाव, सगळं मी मुकाट सोडलं. नाव बदलणं बाईच्याच कपाळी असतं, अशी माझी समजूत. केसानं गळा कापलान मेल्यानं.

मामंजींना दुःख झालं ते आडनावाचं. बापाचं नाव टाकलंन, एवढंच म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी विहिरीवर जाऊन त्यांनी मुलाच्या नावानं आंघोळ केली, म्हणजे घराला तो मेला. सासूबाईंनीही केली. ते ओलेत्यानं परत आले तेव्हा मी दारातच विचारलं, "मामंजी, आंघोळ तुम्ही केलीत. मी कुंकू ठेवू की पुसू?"

"ठेव. चारचौघांत शोभा व्हायला नको," ते म्हणाले.

चैत्रात शेजारी हळदीकुंकू होतं. बायका नाव घे, नाव घे म्हणून मागे लागल्या. सासूबाई समोरच बसल्या होत्या, मान खाली घालून कैरीची डाळ खात. ज्याच्या नावानं आंघोळ झाली होती, त्याचंच मी नाव घेतलं.