दुरून गाणारी बाई

भंडाऱ्याच्या बसस्टँडजवळ टेप दुरुस्त करणारे ते गृहस्थ कानामागे पेचकस खोचून बसायचे आणि स्पीकरला कान लावूनच बिघाड सांगायचे. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला त्या सुमारास, नव्याण्णव साली, मी त्यांच्याकडे माझा टेप आणि एक परदेशी कॅसेट नेली. त्या अल्बमचं नाव इकडे कुणाला ठाऊक नव्हतं. गिटारींचा नुसता धुरळा आणि त्याच्यामागे कुठेतरी एका बाईचा आवाज.

"आवाज मागं कायले जाऊन राहिला?" म्हणत त्यांनी टेपचं हेड स्पिरिटनं पुसलं, पेच पिळला, पट्टा बदलला. गाणंच तसं आहे, हे मी परोपरीनं सांगितलं.

"असं कोन गाते, बाबू?" तीन दिवसांनी त्यांनी हार मानली.

यंदा मे महिन्यात ती कॅसेट पुन्हा सापडली, आणि ती वाजवायला डेक त्यांच्याकडेच होता, म्हणून तिथंच गेलो. आता ते मोबाईल दुरुस्त करतात. गाणं सुरू झालं. त्यांचा हात सवयीनं पेचकसाकडे गेला आणि थांबला. मग त्यांनी उठून, तसल्या उकाड्यात, पंखा बंद केला.

मोबाईल न्यायला आलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "काका, डेक बिघडला वाटते."

"बिघडला नाही रे. बाई दुरून गाऊन राहिली. तू जवळ सरक."