रिसोडच्या पाद्रीबुवांचं मिशन

सबंध वऱ्हाडात आमच्या पाद्रीबुवांइतका अपयशी धर्मप्रचारक झाला नसेल. मिशनने त्यांना रिसोडला धाडलं ते लोकांना ख्रिस्ताच्या कळपात आणायला, आणि अकरा वर्षांत त्या कळपात भर पडली ती एका शेळीची. तीही प्रार्थनेला थांबत नसे. मी तेव्हा तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहत होतो, म्हणून हे खात्रीने सांगतो.

बाजाराच्या दिवशी ते चिंचेखाली उभे राहून गीत गात. आवाज असा, की बांधलेले बैल दावणीला हिसके देत. मग छापील मराठीत उपदेश सुरू होई. "हे पापी जनहो" एवढं म्हणायचा अवकाश, समोर भांड्यांना कल्हई करणारे चाचा विचारत, कोणतं पाप ते नाव घेऊन सांगा. पाद्रीबुवा पुस्तक मिटून सरळ वऱ्हाडीवर येत आणि दोघांची दिवेलागणीपर्यंत जुंपे. लोक भाजीच्या पिशव्या मांडीवर घेऊन ऐकत बसत. धर्म कुणी बदलत नसे, मात्र बाजाराला रंगत येई.

एका उन्हाळ्यात पटकीची साथ आली. अर्धं गाव शेतात राहायला गेलं. चाचा एकटेच असत. ते अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांच्या दाराशी जायला कुणी धजेना. मीही गेलो नाही. पाद्रीबुवा गेले. चार दिवस त्यांनी पाणी उकळून चमच्याने पाजलं, घाण काढली, अंथरूण धुतलं, आणि चाचांना जरा त्राण आलं की पापाचा विषय काढला. चाचा वाचले.

हे ऐकून मिशनचे मोठे साहेब आले. त्यांनी विचारलं, मरणाच्या दारातला माणूस हाताशी असताना बाप्तिस्मा का दिला नाही? पाद्रीबुवा ओशाळले.

"साहेब, होतं तेवढं पाणी त्याले पाजाले लागलं. डोक्शावर ओताले उरलंच नाही."

साहेबांना हा उर्मटपणा वाटला. दोन महिन्यांत पाद्रीबुवांची दूर कुठेशी बदली झाली.

वर्षभराने मला त्यांचं पत्र आलं. ते मी चाचांना वाचून दाखवलं. त्यात सगळ्यांची नावं घेऊन खुशाली विचारली होती.

"येशूचं काई लिवलं नाई?" चाचांनी विचारलं.

नाही, मी म्हणालो.

"मंग तब्येत बरी नसन त्याची," म्हणून चाचांनी ते पत्र माझ्या हातून घेतलं. त्यांना वाचता येत नव्हतं. तरी बराच वेळ ते त्याच्याकडे पाहत राहिले.