वहिनीचा दुसरा दिवस

नवीन वर्षाचं कॅलेंडर घरात आलं की वहिनी ते भिंतीवर टांगण्याआधी मांडीवर घ्यायची आणि पाच मिनिटांत सांगायची, "यंदा गौरी बुधवारी आहेत, नवरात्र लवकर आलंय." आल्यागेल्याला कौतुक वाटायचं. आई अभिमानाने म्हणायची, "आमच्या सुनेला सगळे सण तोंडपाठ." ते पाठांतर नव्हतं. आपलं शरीर कोणत्या तारखांना घराच्या आड येणार, हे ती आधीच बघून ठेवायची. मला ते माहीत होतं. म्हणून हे लिहिताना मला राग येतो, आणि तो सगळाच्या सगळा दुसऱ्यांवर काढता येत नाही.

वहिनी ठाण्याची, टेंभी नाक्याजवळची. दादाशी लग्न होऊन ती डोंबिवलीला आमच्या दोन खोल्यांत आली तेव्हा मी दहावीत होते. पहिल्याच आठवड्यात ती सहज बोलून गेली, "आमच्याकडे आई त्या दिवसांत गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपायची. बाबा खिचडी टाकायचे." आईने तिच्याकडे असं पाहिलं, की वहिनीने पुन्हा माहेरचं नाव काढलं नाही. आमच्याकडे चार दिवस गॅलरीत, पाण्याच्या पिंपाशेजारी बसायचं. वेगळं ताट, वेगळी सतरंजी. दोन खोल्यांत दुसरी जागाच नव्हती. समोरच्या बिल्डिंगला आमच्या घरातल्या बायकांच्या तारखा कळायच्या.

लग्नानंतरच्या पहिल्याच गौरीला, पूजेच्या दिवशी सकाळी तिची पाळी आली. तिने ढवळलेलं नैवेद्याचं घाटलं शेगडीवर होतं. आईने ते पातेलं तसंच उचललं आणि मोरीत ओतलं. जेवायला येणाऱ्यांना दारात सांगत राहिली, "काय करणार, सूनबाईंनी नेमका आजचाच मुहूर्त धरला." वहिनी गॅलरीत गुडघ्यांत मान घालून बसली होती. मी तिथेच दारात उभी होते आणि मला तिची कीव नाही, लाज वाटली होती.

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या सुरू झाल्या त्या तिच्या मंदारच्या जन्मानंतर. आधी फक्त गौरींसाठी. मग हरितालिका, नवरात्र, दिवाळी, मार्गशीर्षातले गुरुवार, कोणाचा सत्यनारायण, कोणाची मुंज. आमच्या घरात देवाधर्माचं काही नाही असा महिना नव्हताच. शेवटी मेडिकलवाल्यानेच सोपा उपाय सांगितला: कुटुंबनियोजनाच्या पाकिटात एकवीस पांढऱ्या गोळ्या असतात आणि सात तपकिरी. पांढऱ्या संपल्या की तपकिरी घ्यायच्याच नाहीत, लगेच नवीन पाकीट फोडायचं. म्हणजे पाळी येणारच नाही. आईला हे फार पटलं. दादाची तर दुहेरी सोय झाली. पाकिटं आणायचं काम माझ्याकडे होतं. मी चिठ्ठीवर नाव लिहून न्यायचे, कारण मला ते मोठ्याने बोलवत नव्हतं. वहिनी तपकिरी गोळ्या कढीपत्त्याच्या कुंडीत टाकायची. "लोह आहे गं त्यात. मला नाही तर त्याला तरी लागू दे," असं म्हणून हसायची.

तिचं हातमशीन होतं. त्यावर ती ब्लाउज शिवायची, आणि गळ्याच्या कडेला ती लावायची त्या पायपिनला आख्ख्या गल्लीत तोड नव्हती. म्हणायची, "उजवा हात काय, नुसतं चाक फिरवतो. शिवतो तो डावा." डाव्या हाताच्या दोन बोटांनी ती कापड असं सरकवायची की बघत बसावं. गाणं गुणगुणत, तोंडात टाचणी धरून.

मग तिचं डोकं दुखायला लागलं. एकाच बाजूचं. दुखण्याआधी ती डोळे चोळायची आणि म्हणायची, "शुभा, डोळ्यांपुढे काचा नाचतात गं." आई बाम पुढे करायची. "उपास सोसत नाहीत हिला." डॉक्टरकडे न्यावं असं मी एकदा म्हटलं. आई म्हणाली, "डॉक्टर नको नको ते विचारतात." दादा पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं. मीही विषय सोडला. मी तेव्हा बीएस्सीला होते, विषय प्राणिशास्त्र. स्त्रीच्या मासिक चक्राची आकृती मी परीक्षेत काढली होती, सगळी नावं देऊन, आणि मला त्या आकृतीचे पैकीच्या पैकी गुण होते. पण हे सगळं वहिनीच्या पोटात चाललंय, याच्याशी मी त्या आकृतीची गाठ कधी घातलीच नाही.

असं सात वर्षं चाललं. नवरात्राच्या तिसऱ्या माळेला, दुपारी, वहिनी मशीनवर बसली होती. कापड घसरून खाली पडलं. ते उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. मी धावले तर तिचं तोंड एका बाजूला गेलेलं. "हात कुठंय माझा?" असं काहीतरी ती बोलली. डावा हात मांडीवर तसाच पडलेला होता.

ठाण्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काही औषधं चालू होती?"

दादा म्हणाला, "नाही, काही नाही."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी ते औषध नव्हतंच. मी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. डोकं दुखायचं का, डोळ्यांपुढे काही दिसायचं का, हे विचारलं. मी दोन्हींना हो म्हटलं.

"मग ही गोळी हिने एक दिवससुद्धा घ्यायला नको होती. अहो, सलग घेणं हा गुन्हा नाही. ज्यांना पाळीचा फार त्रास असतो त्यांना आम्हीही देतो सलग. पण तपासून देतो, विचारून देतो. हिला कोणी तपासलं? कोणी विचारलं?"



गोळ्या थांबल्या आणि तिसऱ्या दिवशी, त्या खाटेवरच, वहिनीला पाळी आली. आई उशाशी बसली होती. नर्सने चादर बदलायला घेतली तशी आई उठली. "घरी घट बसलेत. मला इथे थांबता येणार नाही." दादा तिला सोडायला गेला. वहिनी शुद्धीत होती, सगळं ऐकत होती. मी तिचे कपडे बदलले. ती छताकडे बघत होती आणि तिच्या एकाच गालावरून पाणी वाहत होतं.

ती घरी आली. बोलणं सुधारलं, चालणं सुधारलं, हात नाही. मशीनवर आईने कापड टाकून ठेवलं.

पुढच्या गौरीला वहिनी म्हणाली, "घावन मी घालणार. शुभा, तू पीठ कालव." तिने एका हाताने घावन घातले, घाटलं ढवळलं, नैवेद्याचं पान वाढलं. पंगत बसली. आई, दादा, मावशी, मी, शेजारची चार माणसं. सगळ्यांचं अर्धं जेवण झाल्यावर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "आज माझा दुसरा दिवस आहे."

मावशीचा घास तोंडात राहिला. आई ताटावरून उठली. "सत्यानाश केलास! देवीसमोर!"

"देवी बसलीये की अजून," वहिनी म्हणाली. "उठलात तुम्ही."

दादा ओरडला, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"हात गेला तेव्हा नाही विचारलंत?"

एकेक जण उठला. तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात घास होता आणि तो हात थांबला होता. एक क्षणच, पण तिने तो पाहिला. मग ती माझ्यासमोर पाटावर बसली, स्वतःचं पान वाढून घेतलं आणि सावकाश, सगळं जेवली. मीही जेवले, पण तिच्यानंतर.

दोन महिन्यांत तिने कल्याणला भाड्याची खोली घेतली. मंदारला घेऊन निघाली. दादा आठवडाभर धुमसला आणि मग आपली बॅग घेऊन तिच्या मागे गेला. तिथे तिने शिवणाचा क्लास काढला. एका हाताने मापं घ्यायची आणि मुलींना ओरडून ओरडून शिकवायची. पोट दुखत असेल त्या मुलीला म्हणायची, "लाजतेस काय? सरळ सांग आणि आडवी हो तिथे चटईवर."

मी लग्न होऊन नौपाड्यात आले. आई गेली. पुष्कळ वर्षांनी, एका दुपारी कल्याणला जाऊन मी वहिनीची माफी मागितली. ती शेंगा सोलत होती. उजव्या हाताने, शेंग गुडघ्याखाली दाबून.

"आईंचा राग त्यांच्याबरोबर गेला," ती म्हणाली. "त्यांना काही माहीत नव्हतं. तुला माहीत होतं, शुभा. तू शिकलेली होतीस."

तिने पुढची शेंग गुडघ्याखाली घेतली.

"तुझ्या मुलीला सांगितलंस हे?"

"नाही अजून. अकराचीच आहे."

"मग आधी ते कर. माफीचं नंतर बघू."

त्या रविवारी मी मुलीला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, माझा भाग न गाळता. ती ऐकून उठली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी वहिनीला फोन करून हे कळवलं.

वहिनी म्हणाली, "पोरगी चांगली आहे. तिला घेऊन ये जेवायला."