नव्या मॅडमसमोर

सेलूच्या शाळेत मी गणित शिकवतो. बायको एका सकाळी भाकरी थापता थापता कोसळली आणि नांदेडच्या दवाखान्यात पोचायच्या आत गेली. त्यानंतर मला घरात बसून जेवता येईना. ओट्याशी उभ्यानंच दोन घास खायचे आणि बाहेर पडायचं. वर्गात उदाहरण सोडवता सोडवता खडू हातातच राहायचा, पुढची पायरी सुचायची नाही. पोरं आधी हसायची. मग हसायची बंद झाली, तेव्हा मी घाबरलो.

माझी मुलगी पुण्यात असते. तिनं परभणीतल्या एक समुपदेशक बाई शोधून दिल्या. त्या वयानं माझ्याहून मोठ्या, म्हणून मी त्यांना ताई म्हणायला लागलो. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुपारच्या गाडीनं परभणीला जायचो. ताईंसमोर मी रडलो, चिडलो, कधी नुसताच बसून राहिलो. हळूहळू वर्गातली भीती गेली. आणि मग एक दिवस ताई म्हणाल्या की त्या काम थांबवून लेकाकडे राहायला निघाल्या आहेत.

"माझ्या जागी एक मुलगी येतेय. चांगली आहे. भेटून तर बघा," त्या म्हणाल्या.

पुण्याला माझ्या मुलीला फोनवर सांगितलं, "मी आता न्हाई जायचो. पुन्हा पहिल्यापासून कोण सांगत बसणार?"

"बाबा, एकदाच जा. न्हाई पटलं तर सोडून द्या."

गेलो. खोली तीच होती, खुर्च्यांची जागा तेवढी बदललेली. नवी मॅडम माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. आधी तिनं रीतसर समजावलं. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, फक्त कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर तेवढ्यापुरतं कुणाला तरी सांगावं लागेल. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर नाही म्हणायचं. मग तिनं विचारलं, "तुम्हाला काय म्हणू?"

मला प्रश्नच कळेना. सेलूत भाजीवालीपासून स्टेशनमास्तरपर्यंत सगळे मला सर म्हणतात. घरात 'अहो' म्हणून हाक मारणारी बायको तेवढी होती.

"सरच म्हणा," मी म्हणालो.

येताना गाडीत मी सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. तसंच सांगितलं. ती सकाळ, शेजाऱ्यांची जीप, वाटेत तिचा गार पडलेला हात, दवाखान्याचं दार. कुठं अडखळलो नाही. झाल्यावर मॅडम म्हणाली, "सर, तुम्ही फार नीट सांगितलंत. धडा शिकवल्यासारखं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बायको मेल्याचं सांगतोय आणि ही पोरगी म्हणते धडा! उठलो, नमस्कार केला आणि बाहेर पडलो. गाडीला वेळ होता. स्टेशनवरूनच ताईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

ताईंनी ऐकून घेतलं. "तुम्हाला लागलं ते बोलणं. पण हे मला कशाला सांगताय? तिला सांगा."

"तिला कसं सांगू? तोंडावर?"

"हो. त्यासाठीच तर ती बसलीय तिथं."

पुढच्या शनिवारी गेलो तो भांडायच्याच तयारीनं. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणालो, "मागच्या वेळी तुम्ही जे बोललात ते मला लय लागलं. मी काही धडा शिकवायला नव्हतो आलो."

मला वाटलं, ती आता सारवासारव करेल. तिनं केली नाही. "बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "मी घाई केली. तुमची माझी ओळख नाही, आणि मी तसं बोलायला नको होतं. सॉरी, सर."

इतकं सरळ कुणी चूक कबूल केल्यावर भांडणार कुणाशी? मी पाणी प्यालो. मग तिनं विचारलं, "त्या गेल्या ते तुम्ही सांगितलंत. त्या होत्या कशा?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. भेटायला आलेल्यांनी तर नाहीच. ताईंनी विचारलं असेल, पण तेव्हा मी त्या सकाळच्या पलीकडं जाऊच शकत नव्हतो.

"पत्त्यात लबाडी करायची," माझ्या तोंडून निघालं.

मग सांगतच सुटलो. रविवारी दुपारी आम्ही रमी खेळायचो. जोकरचं पान ती मांडीखाली दाबून ठेवायची. मी पानं मोजणारा माणूस, मला लगेच कळायचं. मी म्हणायचो, "ऊठ, पाणी आण." ती म्हणायची, "तुमचे पाय मोडले का?" आणि जागची हलायची नाही. हे सांगताना मला हसू आवरेना. मॅडमही हसली. हसता हसताच कधी रडायला लागलो ते कळलं नाही. जीप आणि दवाखाना सांगताना त्या खोलीत मला एवढं रडू कधी आलं नव्हतं.

तेव्हापासून मी तिच्याकडे जातोय. प्रत्येक शनिवार असा जात नाही. कधी नुसत्या शाळेच्या गप्पा होतात, कधी परतीच्या गाडीत वाटतं की उगीच आलो. पण आता मी ताट वाढून घेतो आणि बसून जेवतो. मुलगी आली की तिच्या आईबद्दल बोलतो, आणि आम्ही दोघंही घाबरत नाही.

आमच्या शाळेतल्या क्लार्कचा धाकटा भाऊ मध्यंतरी वारला. एक दिवस स्टाफरूममध्ये कुणी नाही असं बघून ते माझ्याजवळ आले. "सर, तुमी परभणीला जाता म्हणं. तिथं काय करतेत हो? गोळ्या देतेत का?"

"गोळ्या न्हाई. बोलायचं."

"काय बोलायचं?"

"सुचंल ते. पहिल्यांदा अवघड वाटतं. माणूस पटंल का न्हाई, तेबी लगेच कळत न्हाई. एखादं बोलणं लागलं तर लागलं म्हणून सांगायचं, मनात ठेवून घरी यायचं न्हाई."

त्यांनी एकदा दाराकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "तुमी संगं येताल का?"

"स्टेशनपासून दारापर्यंत येतो," मी म्हणालो. "आत मात्र तुमालाच जावं लागंल."

शनिवारी शाळा सुटल्यावर ते सायकल तिथंच लावून माझ्याबरोबर स्टेशनकडे चालू लागले.