आठळ्यांचं आईंना सांगू का?

मंडळी, मी या ग्रुपवर फारसं लिहीत नाही. आज सल्ला हवा आहे.

माझे यजमान सुहास गेल्या वर्षी कॅन्सरने गेले. आपल्या गाठीचे नमुने त्यांनी संशोधनासाठी दिले होते. आज त्या लॅबने कुटुंबीयांना बोलावलं होतं. इथे कॅनडात मार्कहॅमहून निघताना ठाण्याहून आईंचा, म्हणजे सासूबाईंचा फोन आला. "नीट बघ आणि मला सगळं सांग. लपवू नकोस हं."

लॅबमधल्या पंजाबी मुलीने स्क्रीनवर पेशी दाखवल्या. काही कॅन्सरमध्ये पेशींवरची साखर बदलते. लेक्टिन नावाची प्रथिनं ठराविक साखरेलाच चिकटतात, म्हणून त्यांना चमकणारा रंग जोडून तो बदल शोधतात.

"हे लेक्टिन मिळतं कुठून?" मी विचारलं.

"हे? फणसाच्या बियांमधून, आंटी."

पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. सुहासना त्याच बियांची, आठळ्यांची भाजी फार आवडायची. ते गेल्यावर आईंनी त्यांच्या नावाने फणस सोडला आहे.

शेवटी धीर करून विचारलं, "ही टेस्ट तेव्हा केली असती, तर लवकर कळलं असतं?"

"तसं नाही सांगता येणार, आंटी. हे अजून रिसर्चमध्येच आहे. आय ॲम सो सॉरी."

उद्या सकाळी आईंचा फोन येईल. आठळ्यांचं सांगितलं, तर त्याही हेच विचारतील, आणि "सांगता येत नाही" एवढ्या उत्तरावर त्यांना झोप लागणार नाही. मलाही लागणार नाही, पण माझं ठीक आहे.

तुम्ही माझ्या जागी असता, तर सांगितलं असतं का?