मोनीचा मुक्काम

सॅकच्या पट्ट्यांत दोन्ही अंगठे अडकवून काका विचारायचे, "आज कुठवर आलो, सांगू?" आपण 'सांगा' म्हणायची वाट ते कधीच पाहत नसत.

आम्ही उभे असायचो ट्रॉयच्या मॉलमध्ये, बुटांच्या दुकानासमोर. मिशिगनच्या हिवाळ्यात बाहेर चालायची सोय नसते, म्हणून दुकानं उघडायच्या आधी आमच्यासारखी शुगरवाली मंडळी आतच फेऱ्या मारतात. अशी मंडळी तुम्हीही पाहिली असतील. कोणी जप करत चालतं, कोणी गुडघ्यांना शिव्या देत. काका मात्र इंडोनेशियातलं फ्लोरेस नावाचं बेट ओलांडत होते. फेऱ्यांचे मैल ते नकाशावर पुढे सरकवत. पश्चिम टोकापासून निघाले होते, पूर्वेला लारांतुकापर्यंत जायचं होतं. "घड्याळांच्या दुकानापासून घाट लागतो हं," असं म्हणून सपाट फरशीवर खरोखर दम खायचे.

एकदा गार्डने सॅक उघडायला लावली. आतून आंबेमोहोर तांदळाच्या दहा-दहा पौंडांच्या दोन पिशव्या निघाल्या. "ट्रेनिंग," काका गंभीरपणे म्हणाले आणि त्याला नकाशा दाखवला. त्या दिवसापासून तोही विचारायला लागला, "हाउ फार टुडे, सर?"

हे बेट निवडलं होतं काकूंनी. दातांच्या डॉक्टरकडच्या कॅलेंडरवर त्यांना मोनी गावाजवळची तीन तळी दिसली, तिन्हींचे रंग वेगळे. जन्मभर मोटारींचे ब्रेक डिझाइन केलेल्या नवऱ्याला त्या म्हणाल्या, "रिटायर झालात की हे बघायचं. टूरबिर नको. पाठीवर सॅक, आणि मिळेल ती बस." तिकिटं निघाली. निघायच्या महिनाभर आधी काकू इंडियन ग्रोसरीत गेल्या आणि घरचा रस्ता विसरल्या. पोलिसांना त्या दुसऱ्याच गावातल्या पार्किंगमध्ये सापडल्या, मांडीवर कोथिंबिरीची जुडी. "ट्रिप कॅन्सल केली," काका एवढंच सांगायचे. त्यानंतर सकाळचे दोन तास काकू वृद्धांच्या डे-केअर सेंटरमध्ये आणि काका मॉलमध्ये.

मी त्यांना जरा चक्रम समजत होतो, खोटं कशाला बोलू? मग एका बर्फाच्या दिवशी त्यांची गाडी सुरू होईना, म्हणून काकूंना सेंटरमधून घेऊन मी दोघांना घरी सोडलं. आत गेल्या गेल्या, बूटही न काढता, काकूंनी टेबलावरच्या नकाशावर बोट ठेवलं.

"आज कुठवर आलो?"

"मोनी," काका म्हणाले. "उद्या तळी."

"मग स्वेटर घ्या. वर गारठा असेल."

काकांचं ते वाक्य मुळात काकूंचं होतं तर. मला तिथे उभं राहवेना.

पुढे कित्येक दिवस काका मोनीतच. मी म्हटलं, "काका, पुढे सरका की!"

"तिला रोज तळी बघायची असतात रे. रोज पहिल्यांदाच बघते. आणि लारांतुका आलं की परत फिरावं लागेल ना?"

फेऱ्या चालू होत्या, मैल मोजणं त्यांनी सोडलं होतं.

फेब्रुवारीत काकू गेल्या. सगळे म्हणायला लागले, आता तरी जाऊन या. सर्वांत जास्त मी म्हणालो. शेजारी बसून तिकीट बुक करून दिलं तेही मीच, आणि त्याची मला अजून बोच आहे.

काका खरंच गेले. पंचाहत्तरीचा माणूस सॅक लावून, बसमागून बस बदलत मोनीला पोचला. वर तळ्यांपाशी जाऊन त्यांनी मला व्हिडिओ कॉल केला. एका हाताने टोपी धरली होती.

"दिसली का तळी, काका?"

"दिसली." त्यांनी फोन पायऱ्यांकडे वळवला. "खूप पायऱ्या आहेत रे. तिला चढवल्या नसत्या." मग म्हणाले, "आम्ही बघितली होती ना, ती जास्त छान होती."

लारांतुकापर्यंत ते गेलेच नाहीत. परत आले, घर विकलं आणि तिकडे दक्षिणेत शुगर लँड नावाच्या गावी मुलीकडे राहायला गेले. जाताना सॅक मला देऊन गेले, तांदळासकट. एकदा फोनवर मी लाडात येऊन विचारलं, "काय काका, आज कुठवर आलो?"

"कुठंच नाही रे," ते म्हणाले.

मागच्या हिवाळ्यात ते तिथेच वारले.

मी अजून फेऱ्या मारतो. पाठीवर त्यांचे वीस पौंड तांदूळ असतात. शिजवायचा धीर होत नाही. गार्डला मी काही सांगितलेलं नाही. तो अजून विचारतो, "हाउ फार इज ही टुडे?"

"मोनी," मी म्हणतो, आणि पुढची फेरी सुरू करतो.